दारातली कोरी जागा

मी कोण ते आधीच सांगते, म्हणजे शोधाशोध नको. मी एक कोरी जागा. भिंतीवरच्या जलरंगातल्या चित्रात एक देवालय आहे, त्याच्या दारात नखाएवढा कागद रंग न लावता सोडला होता, ती मी.

माझा जन्म काही न करण्यातून झाला. आमचा चित्रकार जलरंगात पांढरा वापरत नसे; उजेड हवा तिथे हात आवरायचा, कागद तसाच राखायचा. त्याने आभाळ ओलं केलं, घुमटावर निळा ओघळ सोडला, खांब उभे केले आणि माझ्यापाशी येऊन श्वास रोखून थांबला. बाकीच्यांना रंग मिळाला, मला मान. एकदा एक माशी माझ्यातून आत जायला निघाली आणि कपाळ आपटून खाली पडली. खोटं वाटत असेल तर माशीला विचारा.

तो हयातभर देवालयंच रंगवत आला. येणाऱ्याजाणाऱ्याला ब्रशच्या दांड्याने समजावायचा: पायऱ्या म्हणजे मनाची चढण, कमानीवरचं कमळ म्हणजे चिखलातून वर येणं, घुमट म्हणजे आभाळ आणि दार म्हणजे पलीकडे जाणं.

त्याची बायको हसायची. "तुमचं सगळं कशाचं तरी काहीतरी असतं. दार म्हणजे दार. त्यातनं उजेड येतो."

ज्यांनी चित्र काढायला सांगितलं होतं ते देवस्थानचे विश्वस्त बघायला आले. अगदी नाक लावून म्हणाले, "इथे राहिलंय काहीतरी."

"राहिलं नाही, ठेवलंय."

"अहो, पण आत देवच नाही. निदान एखादं शुभचिन्ह काढा. रिकामं बरं दिसत नाही."

पलंगावरून बायको म्हणाली, "चिन्ह काढलं की लोक चिन्हच बघत बसतील. आत कोण जाईल मग?"

विश्वस्त गेले ते गेलेच. चित्र घरी राहिलं. तोवर तिने अंथरूण धरलं होतं. तिनेच मला पलंगासमोरच्या भिंतीवर लावून घेतलं.

डॉक्टर यायचे, मान हलवून जायचे. ती मात्र रोज माझ्याकडे बघायची. "अहो, आज दार जरा मोठं वाटतंय." मग कधी, "आज तर पायरीवर ऊन उतरलंय." हे ती सुखाने सांगायची, आणि त्या दिवशी चार घास जास्त जायचे. तो मात्र पांढराफटक पडायचा. जन्मभर दुसऱ्यांना शिकवलेलं आता त्याच्याच मानगुटीवर बसलं होतं. दार मोठं होतंय, म्हणजे ही निघाली.

एका दुपारी औषधाने तिचा डोळा लागला. त्याने चित्र उतरवलं, गडद निळ्यात तपकिरी कालवला आणि माझ्यावर दार ओढून घेतलं. बिजागऱ्या काढल्या, कडीसुद्धा काढली. मग चित्र पुन्हा जागेवर टांगलं.

"आता कशी जातेस बघू," तो पुटपुटला.

ती जागी झाली. सवयीने माझ्याकडे बघितलं.

"अहो, अंधारून आलंय का?"

त्याने पडदे सारले, खिडक्या उघडल्या, भर उन्हात दिवा लावला.

"ते नव्हे हो," ती म्हणाली. "तेवढा एक उजेड होता मला."

आणि तिने पलीकडच्या भिंतीकडे तोंड केलं. त्याने गयावया केली, तरी पुन्हा ती माझ्याकडे वळली नाही. घासही नको म्हणू लागली. अडवायचं म्हणून दार लावलं, तर ती दाराकडे पाठ करून गेली.

त्यानंतर त्याने मला स्पंजाने पुसलं, फडक्याने टिपलं, ब्लेडने खरवडलं. कागदाला लव सुटली, मधोमध तो विरला. रंग थोडाफार निघाला, उजेड काही निघाला नाही. आता मी राखाडी, सोललेली, फुटलेल्या गुडघ्यासारखी.

आज त्याने बाजारातून पांढऱ्या रंगाची ट्यूब आणली आहे. झाकण उघडून बसलाय आणि रिकाम्या पलंगाला सांगतोय, "उघडतो हं आता. जरा इकडे बघ."

बाबा रे, लाव ते झाकण. चुना फासून पहाट होत नाही. मी पांढरी नव्हतेच कधी. मी नुसती न रंगवलेली होते, आणि ते आता तुलाही जमायचं नाही. एवढंच कर. मला खाली उतरव आणि तोंड भिंतीकडे करून ठेव, तिने केलं होतं तसं.