दोन आयांची खाट

मी एक जुनी लोखंडी खाट आहे. जांभूळ गावात सदूच्या अंगणात माझ्यावर मिरच्या वाळत घालतात आणि माझा एक पाय गंजून आखूड झाला आहे. मित्रांनो, लढाईच्या दिवसांत मला शिपायांसाठी घडवलं आणि कल्याणजवळच्या लष्करी छावणीत, एका लांबलचक बराकीत आणून ठेवलं. लढाई संपली, शिपाई गेले आणि मी धूळ खात पडून राहिले.

मग फाळणी झाली आणि सिंधमधून घरदार सोडून आलेली माणसं त्या बराकींत उतरली. एकेका बराकीत कितीतरी कुटुंबं, मध्ये गोणपाटाचे पडदे. माझ्या वाट्याला जेठानंद आणि त्याची बायको ईश्वरी आली. ईश्वरीचे दिवस भरत आले होते. विठ्ठलवाडीची सुईण मोतीबाई धावत आली आणि माझ्यावरच हशू जन्मला.

मुलगा ठणठणीत होता, पण ईश्वरीला तापाने गाठलं. ती शुद्ध हरपून बडबडायची. तिचं दूध आटलं. वरचं दूध हशूला सोसेना. रडून रडून त्याचा आवाज बसला.

बराकीत भाजीची पाटी घेऊन अंजनी यायची. ती जांभूळच्या सदूची बायको. तिचं पहिलंच तान्हं मूल नुकतंच तापात गेलं होतं. त्या दिवशी ती माझ्याशेजारी पाटी टेकवत होती, तोच हशू रडला आणि तिची चोळी ओली झाली. तिने घाईघाईने पदर ओढून घेतला, पण मोतीबाईने ते पाहिलं.

"अंजने, घे त्याला," मोतीबाई म्हणाली.

"माज्या पोराचा दूध हाय ता, मावशे. दुसऱ्याला कसा देऊ?"

"तुज्या पोराला आता नको ता, बाय. याला हवा."

अंजनीने पाटी बाजूला सारली. मग माझ्यावर बसली, भिंतीकडे तोंड केलं आणि हशूला पदराखाली घेतलं. तो पीत होता आणि ती हुंदके देत होती. घरच्या आठवणीने रडणारे शिपाई मी पाहिले होते, पण असं रडणं मी ऐकलं नव्हतं.

त्यानंतर ती रोज येऊ लागली; पाटीत भाजी असो वा नसो. घरी सदू तिच्यावर चिडायचा. "लोकाचा पोर हाय. उद्या घेऊन जातील, मंग पुन्हा रडशील," असं तो म्हणतो, हे ती मोतीबाईला सांगायची. सांगता सांगता हशूच्या टाळूला तेल लावत असायची.

ईश्वरीचा ताप उतरला. अशक्त हातांनी तिने मुलाला जवळ ओढलं, तर तो टाहो फोडून अंजनीकडे झेपावला. एकदा नाही, रोज तेच. ईश्वरीचं घर गेलं होतं, माहेर दूर गेलं होतं, आणि आता पोटचं पोरही परकं झालं होतं. एका सकाळी तिने अंजनीच्या मांडीवरून हशूला उचललं.

"बहन, कल से मत आना," ती म्हणाली.

अंजनीने पाटी डोक्यावर घेतली आणि मागे न बघता गेली.

हशूला मात्र वाटीतलं दूध पुन्हा सोसेना. त्याला जुलाब लागले, डोळे खोल गेले. जेठानंद म्हणाला, "मी तिला बोलावून आणतो." ईश्वरी उठून बसली. "मी घालवलं तिला. मीच जाणार." नीट उभंही राहता येत नव्हतं, तरी मोतीबाईचा हात धरून, बैलगाडीत बसून ती मुलाला घेऊन जांभूळला निघाली.

पुढचं मोतीबाईने बराकीत सगळ्यांना सांगितलं. अंजनीने छातीला मोगऱ्याची फुलं बांधली होती. दूध आटावं म्हणून तशी बांधतात. दारात ईश्वरीला पाहून ती तोंड फिरवून आत गेली. ईश्वरी उंबऱ्यापाशी बसली, हशूला खाली ठेवलं आणि हात जोडून म्हणाली, "तेरा ही समझ के पिला, बहन. बस, मरने मत दे."

हशूला आता रडायचंही त्राण नव्हतं. तो नुसता तोंड हलवत होता. अंजनीने फुलं ओरबाडून फेकली. दूध लवकर येईना. ती त्याला छातीशी धरून "पी रं, पी रं माज्या सोन्या," म्हणत राहिली. आणि तोच सदू, जो इतके दिवस चिडत होता, पेजेचं भांडं घेऊन आला आणि म्हणाला, "तू आदी खा."

हशू जगला. ईश्वरी पावसाळाभर जांभूळलाच राहिली. अंजनी आधी स्वतः पाजायची, मग त्याला ईश्वरीच्या छातीशी लावायची. होता होता ईश्वरीलाही पान्हा फुटला. त्या दिवशी अंजनीने गूळ वाटला, आणि मग परसात गेली ती बराच वेळ परत आली नाही.

काही वर्षांनी जेठानंदने इंदूरला दुकान टाकलं. जाताना मला कुठे नेणार? त्यांनी मला अंजनीकडे पोचवलं. हशूने तिच्या गळ्याला मिठी मारली, आणि ती सोडवायला या वेळी ईश्वरीचा हात पुढे आला नाही. शेवटी अंजनीनेच ती सोडवली.

अंजनीला पुन्हा मूल झालं नाही. गावातल्या बायका ओटी भरताना तिला वगळू लागल्या. परवा देवी टोचायला आलेल्या बाईंनी अंगणात विचारलं, "तुला मुलं किती?" सदूने मान खाली घातली. अंजनी माझ्यावरच्या मिरच्या पसरत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "दोन. येक नदीकाठी निजलाय. येक इंदूरला शाळंत जातो."

मित्रांनो, मला रंग लावू नका, माझा पाय दुरुस्त करू नका, माझं भागतं. तुमच्या शेजारी अशी एखादी अंजनी असेल, तर तिला मूलबाळ नाही असं मात्र कधी म्हणू नका.