पाणी हटल्यावरचा फोन

उजनीचं पाणी दसऱ्याला दारात येतं आणि चैत्रात लांब निघून जातं, हे काठावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. तरी होडीवाल्यांसाठी धक्क्यावर बिनतारी फोन बसवायला साहेब आले, तेव्हा सगळे मूग गिळून बसले. धक्का तेव्हा तुडुंब होता.

"आत्ता काय बोललं तर फोन दुसऱ्या गावाला जायाचा," गेणबा बायकोला म्हणाला. सारजालाही ते पटलं. तिनं फोनच्या खांबाला हळदकुंकू वाहिलं.

तिची लेक म्हाळसा पलतीरी दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी झालं, फार जड गेलं. दुसरं सासरी होणार होतं. अडलं तर तिकडच्या दुकानातून फोन करायचा आणि गेणबानं होडीतून तिला इंदापूरच्या दवाखान्यात आणायचं, असं ठरलं होतं. रस्त्याच्या वळशात अर्धा दिवस मोडायचा.

चैत्रात पाणी हटलं. होड्या खाली गाळाच्या टोकाला गेल्या, फोन वर उन्हात राहिला. म्हाळसाचे दिवस भरले तशी सारजा खांबाखालीच बसू लागली.

एका दुपारी फोन वाजला. जावई होता. "मामी, लई अडलीया. होडी धाडा."

भेगाळलेल्या रानातून सारजा धावत सुटली. बाकीचे होडीवाले बाजाराला गेलेले, आणि त्यांची गाळात रुतलेली एकही होडी तिला एकटीला लोटवेना. गेणबा लांब पाण्यात जाळं काढत होता. हाक पोचेना. तिनं पदर काढून जीव तोडून हलवला.

पण काठावरून बाईनं पदर हलवला की भाकरी आली, ही इथली जुनी खूण. गेणबानं वल्हं वर केलं, म्हणजे आलोच, आणि पुन्हा जाळ्याला लागला. कधी नव्हे ती मासळी लागली होती. सारजा हलवत राहिली. दुसरी खूणच नव्हती.

ऊन कलल्यावर तो काठाला आला. "एवढी कसली घाई गं? भाकरी कुठं हाय?"

होडी पलतीरी लागली तेव्हा बायकांचा आक्रोश पाण्यापर्यंत येत होता.

दसऱ्याला पाणी परत खांबापाशी आलं. फोन अगदी नीट चालतो. सारजा रोज भाकरी घेऊन येते, पण पदर हलवत नाही. गठुडं मांडीवर घेऊन बसून राहते. भाकरी वाळून जाते. गेणबा तशीच खातो.