कुंभारणीचं घर मोडायचं नाही

वर्लीन आणि तिचा सासरा होईट यांचं बिनसलं ते एका खोलीवरून. भट्टीला लागून असलेली ती खोली म्हाताऱ्याची. जन्मभर तिथंच झोपून त्यानं भट्टी राखली, बरण्या भाजल्या. हिवाळ्यात बर्फावरून घसरून कंबर मोडली, तेव्हा लेक त्याला शहरात घेऊन गेली. वसंतात काठी टेकत तो परतला, तर खाट गायब आणि खोलीभर मातीची घरटी.

वर्लीन आमच्या कॅरोलायनातलीच, हाडाची कुंभार. पण तिला नाद लागला होता कुंभारीण माश्यांचा. या माश्या ओढ्याकाठचा चिखल तोंडात धरून आणतात आणि छपराखाली नळ्यानळ्यांचं घर बांधतात. तशीच घरं ती घडवायची आणि भाजायची. घर म्हणजे काय, हे लोकांना कळावं म्हणून करते, असं सांगायची. शहरातल्या एका प्रदर्शनवाल्या बाईंना ते फार पटलं होतं. भट्टी उघडून भाजलेला माल बाहेर काढायच्या दिवशी त्या जातीनं येणार होत्या.

म्हाताऱ्याला बैठकीतला सोफा मिळाला. त्याचा पोरगा, म्हणजे वर्लीनचा नवरा ड्वेन, दोघांच्या मध्ये बसून मुकाट मक्याचा पाव खायचा. मला त्याचा रागच यायचा, पण शेजाऱ्यानं किती बोलावं?

एके दिवशी होईट खुंटीवरची आपली टोपी काढायला गेला. टोपीत माशीनं घर केलं होतं. वर्लीननं त्याचा हात धरला.

"टोपी ऱ्हाऊ दे, बाबा. सोताच्या कष्टानं चिखल आनून हितं ज्यानं घर बांधलं, त्याचं मी मोडत न्हाई."

"कुनाचंबी?"

"कुनाचंबी."

म्हातारा उघड्या डोक्यानं माघारी आला. मला म्हणाला, "तुझी बादली दे जरा."

त्या दिवसापासून तो ओढ्यावर जाऊ लागला. थोडाथोडा चिखल आणायचा, भट्टीच्या पडवीत स्टुलावर बसून गोळ्यावर गोळा थापायचा. कुडाला फांद्या मी तोडून दिल्या. वर्लीनला वाटलं, म्हातारा मन रमवतोय. भिंत डोक्याच्या वर गेली, तेव्हा तिच्या लक्षात आलं. ती तणतणत आली, पण बोलायची पंचाईत. नेम तिचाच होता.

भट्टी उघडायच्या दिवशी सगळा गाव लोटला. प्रदर्शनवाल्या बाई वर्लीनच्या घरट्यांवरून नजर फिरवत पुढं गेल्या आणि पडवीतल्या त्या गोल, ओबडधोबड घरापाशी थबकल्या.

"वर्लीन, हे तुमचं सगळ्यात अस्सल काम. किती जिवंत वाटतं. हे आम्हाला हवंच."

वर्लीन लालबुंद झाली. बाईंनी वाकून आत डोकावून पाहिलं. आत, अडगळीतून परत आणलेल्या आपल्या खाटेवर होईट पडला होता.

"बूट भाईर काढा, बाई," तो म्हणाला.

बाई दचकल्या. मग हसून म्हणाल्या, "आजोबा, हे उचलून न्यायचं आहे आम्हाला."

"उचललं की मोडंल, आन कष्टानं बांधलेलं घर हितं मोडायचं न्हाई. सुनेचा नेम हाय, तिलाच इचारा."

बाईंनी वर्लीनकडं पाहिलं. सगळ्या गावानं पाहिलं. ड्वेननंसुद्धा पाव खाली ठेवला.

"खरं हाय," वर्लीन कशीबशी बोलली.

"मग सूनबाई," आतून आवाज आला, "येवढी उशी आनून दे. सोफ्यावरच ऱ्हायलीय."

वर्लीन सगळ्यांदेखत उशी आणायला घरात गेली.