छाट

परशरामनं बिड्यांचं लायसन स्वतःच्या नावावर घेतलं तेव्हा निपाणीतल्या आपल्या गल्लीत पेढे वाटले होते. काम साधंच. कंपनी पानं आणि तंबाखू देणार, तो गल्लीतल्या बायकांना वाटणार आणि वळलेल्या बिड्या गोळा करून कंपनीला पोहोचवणार. पण बायका त्याला मालक म्हणू लागल्या आणि गडी हरभऱ्याच्या झाडावर चढला. कायद्याच्या लेखी मालक म्हणजे पहिल्यांदा ज्याची मानगूट धरायची तो, हे त्याला सही करताना कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी त्यानं पेढे वाटलेच असते म्हणा.

मग बिडीधंद्याची किमान मजुरी वाढली. प्रत्येक धंद्याचा दर सरकार वेगळा ठरवतं, बिडीचा हजार नगांमागं. बायका राजी असल्या तरी त्याच्या खाली देता येत नाही. परशरामला बरंच वाटलं, त्याची आई बिड्या वळता वळताच गेली होती. कंपनीचे शरदराव मात्र चहा ढवळत म्हणाले, "दर पुरा द्या की. बँकेत द्या. छाट तेवढी वाढवा."

छाट म्हणजे खराब म्हणून बाजूला काढलेल्या बिड्या. त्यांची मजुरी मिळत नाही, बिड्या मात्र कंपनीच घेऊन जाते. छाटीलाही कायद्यात मर्यादा आहे, पण बायका ज्यात बिड्या वळतात त्या सुपाशी रोज येऊन बसणार कोण?

"मला न्हाय जमायचं," परशराम म्हणाला.

"नको मग. कोगनोळी नाक्याच्या पलीकडं, महाराष्ट्रात, ठेकेदार तयार आहेत. पानं तिकडं पाठवतो."

पानं तिकडं गेली की गल्लीची चूल थंड. इकडे आड, तिकडे विहीर. परशराम छाट काढू लागला.

सगळ्यात जड जाई ते अंबूआक्काच्या सुपाशी. आई गेल्यावर ह्याच बाईनं त्याला आपल्या पोरांबरोबर जेवू घातलं होतं. तिची बिडी साच्यातून काढल्यासारखी. त्यातून रोज मूठभर उचलताना तो तिच्याकडं बघत नसे. ती मात्र पुढचं पान कातरायला घेई, आणि तेच त्याला जास्त लागायचं.

अशात एका सकाळी लेबर ऑफिसच्या माधवी मॅडम आल्या. बायकांना ओट्यावर बसवून त्यांनी सरळ सांगितलं, "छाट जास्त काढत असतील तर सांगा. एकीनं जबाब दिला तरी मी कंपनीलाही समोर उभं करीन."

परशराम दारात उभा होता. कुणीतरी बोलावं, असं त्याला मनापासून वाटलं. लायसन जाईल, दंड बसेल, बसू दे. एकदा ही गाठ तर सुटेल. स्वतः बोलायची छाती नव्हती, म्हणून भित्र्या माणसासारखा तो बायकांच्या तोंडाकडं बघत राहिला.

अंबूआक्कानं पदर सावरला. "छाट न्हाय ओ बाईसाहेब. आमचा परशा हाय त्यो. आमच्यातच ल्हानाचा मोठा झालाय. पुरा पगार देतोय."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. मॅडम त्याच्याकडं वळल्या. "खरं आहे?"

सगळी गल्ली त्याच्याकडं बघत होती. एकीच्याही नजरेत राग नव्हता. असता तर तो बोलला असता, असं त्याला पुढं कितीतरी दिवस वाटत राहिलं.

"व्हय," तो म्हणाला.

मॅडमची जीप गेली. अंबूआक्का उठली आणि आपलं सूप आणून तिनं त्याच्यापुढं ठेवलं.

"शरदराव यायच्या आत काढ रं छाट. आज माझ्यातलीच जास्त काढ. ह्या पोरींची पोरं ल्हान हाईत."

परशरामनं सुपात हात घातला. खराब बिडी शोधायची म्हणून तो बराच वेळ चाळत राहिला. एकही सापडली नाही. मग त्यानं डोळे मिटले आणि मूठ भरली.