चावी बंदच होती

कमलाकांत मास्तर अमरावतीच्या हायस्कुलात विज्ञान शिकवत आणि घरातली झाडून सारी दुरुस्ती स्वतःच करत. राग मात्र कायम नाकाच्या शेंड्यावर. गोदावरीबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, देवाच्या पाण्यासाठी लोखंडी नळ चालेना, म्हणून मास्तरांनी स्वयंपाकघरापुरता तांब्याचा नळ घातला होता. आज त्या नळाला डाख देऊन, म्हणजे कथील वितळवून सांधा जोडून, वेगळी चावी बसवायची होती. त्यात सुनेचे वडील हेमचंद्रराव पुण्याहून आलेले, बैठकीत बसलेले. मग काय, मास्तरांना चेवच चढला!

चावीवरून सुनेची थट्टा आधीच झाली होती. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मास्तर म्हणाले, "सूनबाई, चावी बंद करा," आणि अनुपमानं जाऊन कपाटाला कुलूप घातलं. वऱ्हाडात नळाच्या तोटीलाही चावी म्हणतात, हे पुण्याच्या पोरीला काय ठाऊक! हसून हसून घरादाराची मुरकुंडी वळली होती.

"अंगणातली मोठी चावी बंद करा!" मास्तरांनी आज हाक दिली.

"केली, मामंजी."

मास्तरांनी नळ कापला, मधे चावी बसवली, ब्लोलॅम्प पेटवून ज्योत धरली. पण डाख काही धरेना. नळातून पाणी झिरपतच होतं, आणि आत पाणी असलं की तांबं तापत नाही. डाखाचे नुसते गोळे होऊन खाली पडत होते. मास्तर घामाघूम झाले. तिकडे व्याही सगळं ऐकत होते.

"पुन्हा कुलूपच लावलं काय?" मास्तर कडाडले. "चावी म्हणजे काय, एवढंही तुमच्या आईनं शिकवलं नाही काय तुमाले?"

अनुपमाची आई ती पाळण्यात असतानाच गेली होती. मास्तरांना ते पक्कं ठाऊक होतं.

ते तरातरा अंगणात गेले. चावी घट्ट बंद होती. पाणी येत होतं ते गच्चीवरच्या टाकीतून. ती टाकी त्यांनीच उन्हाळ्यात जोडली होती आणि आज साफ विसरले होते. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परत येतात तो हेमचंद्रराव दारात हात जोडून उभे. बडनेऱ्याला स्टेशनवर जायला टांगा आला होता.

"व्याहीबुवा, रागावू नका. आईविना मीच वाढवली तिला. शिकवायचं राहून गेलं असेल."

मास्तरांनी ते जोडलेले हात धरले. "मले लाजवू नका हो! पोरीनं चावी बंदच केली होती. चूक माही आहे."

"मग तिलाच सांगा," हेमचंद्रराव म्हणाले आणि टांग्यात जाऊन बसले.

अनुपमा स्वयंपाकघरातलं पाणी पुसत होती. मास्तर उंबऱ्यातच अडखळले.

"सूनबाई, चुकलो मी. तुमच्या आईचं नाव काढायला नको होतं."

"असू द्या, मामंजी." तिनं फडकं पिळलं. "या घरात तिचं नाव आज पहिल्यांदाच निघालं."

मास्तरांना मान वर करवेना.