शर्ट आला, माणूस आला नाही

माझ्यात तांदूळ काठोकाठ भरून वरून तळहात फिरवला की तो सपाट होतो. मग कापडात गुंडाळून मला अकरा वेळा गोल फिरवले की तो अर्ध्या पेराने खाली बसतो आणि एका बाजूला चिंचोक्याएवढा खळगा पडतो. कापडाची गाठ उजवीकडे असेल तर खळगाही उजवीकडे. चाळीस वर्षांत यात बदल झालेला मी पाहिला नाही.

मित्रांनो, मी एक जुने लाकडी मापटे आहे, आणि माणसांबद्दल माझे मत फारसे चांगले नाही.

मला चिआयीच्या डोंगरातल्या कठीण लाकडातून कोरले. पहिली वीस वर्षे मी तांदळाच्या दुकानात होते. दुकानदार मोजताना अंगठा माझ्या आत धरायचा. गिऱ्हाईक माझी स्तुती करायचे, "किती खरं माप!" मी गप्प राहायचे. पुढे वजनकाटा आला आणि मी पोत्यांमागे पडले. उंदरांनी माझा काठ कुरतडला, बुडाला तडा गेला. तिथून बीग्योक मावशीने मला उचलले, तारेने आवळले आणि किनाऱ्यावरच्या समुद्रदेवीच्या देवळात नेले.

आमच्या भागात कुणी भयंकर दचकले की त्याचा जीव अंगातून निसटून बाहेरच राहतो, असे मानतात. मावशी तो परत बोलावते. तांदळाने भरलेले मापटे त्या माणसाच्या शर्टात बांधायचे, उदबत्तीच्या धुरावर फिरवायचे, त्याचे नाव आणि पत्ता घेऊन "घरी ये" म्हणून तीनदा हाक मारायची. मग गाठ सोडून खळगा वाचायचा. माणूस येऊ शकत नसेल तर त्याने अंगात घातलेला शर्ट पुरतो. खळगा पाहून मावशी सांगते, "रस्त्यावर घाबरलाय." सगळ्या गावाला ठाऊक असलेली गोष्ट तांदळाच्या तोंडून ऐकली की लोकांना बरे वाटते.

दोन वर्षांपूर्वी आरोग्य केंद्राने मानसोपचाराच्या चुआंगबाईंचे टेबल दर मंगळवारी देवळाच्या ओसरीत मांडायला सुरुवात केली. केंद्रात त्यांच्या खोलीकडे कुणी फिरकत नव्हते. मावशी पहिल्या दिवसापासून फणफणत होती.

"तुमच्या खुर्चीत बसून माणसं तासभर नुसती रडतात. माझ्याकडे पाच मिनिटांत मोकळी होतात."

"आणि पुढच्या आठवड्यात परत येतात," चुआंगबाई वहीतून मान न काढता म्हणायच्या.

"तुमच्याकडे तर पहिल्यांदासुद्धा येत नाहीत!"

अशा या दोघींच्या मध्ये लीशिआ यायला लागली. पोटासाठी शिंपल्यांतली कालवे फोडून तिच्या बोटांवर चिरांची जाळी झाली होती. तिचा नवरा तिंगयुआन बावीस वर्षे किनाऱ्यावरची बस चालवत होता. एका सकाळी एक म्हातारा सायकलवरून अचानक चाकासमोर आला. म्हातारा जागीच गेला. चूक तिंगयुआनची नाही, असे पोलिसांनी लिहून दिले. तरी त्या दिवसापासून तो घराबाहेर पडला नव्हता. लीशिआ दर मंगळवारी त्याचा एक शर्ट आणायची, आणि दर मंगळवारी देवळातच तिला बस कंपनीचा फोन यायचा. तो गाडीवर परत येणार की नाही, एवढेच त्यांना विचारायचे होते. लीशिआ सांगायची, "येतात, येतात. पुढच्या आठवड्यात नक्की."

नवव्या मंगळवारी मावशीने शर्ट नाकाशी नेला.

"साबणाचा वास येतोय. हा त्यानं अंगात कधी घातला होता?"

लीशिआ पिशवीचे बंद आवळत राहिली.

"अगं, तुला विचारतेय मी!"

"त्या दिवसाचा शर्ट ते अंगातून काढतच नाहीत. मी कपाटातले आणत होते."

"म्हणजे नऊ आठवडे मी कपाटाला हाका मारतेय?"

"आज आपलं एकमत आहे, मावशी," चुआंगबाई म्हणाल्या. "माणूसच आणायला हवा."

"तुम्ही मध्ये बोलू नका!"

"आणला असता तर तुम्ही त्यांना बोलतं केलं असतं," लीशिआ एकदम ओरडली. "ते काय बोलतील ते मला माहीत आहे. म्हणून नाही आणलं. तुमचं काय जातंय? त्यांचा पगार थांबला तर घर चालवायला कालवं तुम्हाला फोडायची नाहीत!"

मला तिघींचीही चीड आली. मित्रांनो, मी जुने आहे, माझ्या बुडाला तडा आहे. मला कोरडे ठेवा, वर्षातून एकदा तेलाचा हात फिरवा, एवढे मला पुष्कळ झाले. पण जे माणसालाच विचारायला हवे ते मला विचारू नका. मी तांदूळ मोजते. माणसाला हाक मारायची असेल तर तो हाकेच्या अंतरावर असू द्या.

पुढच्या मंगळवारी तिंगयुआन आला. अंगात कंपनीचा करडा शर्ट, कॉलर मळून काळी झालेली. लीशिआ त्याच्या मागे दोन पावले, तोंड फिरवून.

"आधी माझ्याकडे बसा," चुआंगबाई म्हणाल्या.

"आधी माझ्याकडे! देवळात आलाय तो, दवाखान्यात नाही."

दोघींचे भांडण त्याच्या डोक्यावरून चालले होते. शेवटी मावशीने मला त्याच्या हातात दिले. शर्ट काढायला लावलाच नाही. त्याचाच खालचा घेर ओढून तिने मला त्यात बांधले. मी त्याच्या पोटाशी होते. त्याचा श्वास मध्येच अडत होता, पुन्हा सुरू होत होता.

"वेंग तिंगयुआन," मावशीने हाक मारली, गल्ली सांगितली, घराचा नंबर सांगितला. "घरी ये."

तीनदा झाले. चुआंगबाई त्याच्या समोर जमिनीवरच बसल्या.

"मावशी घरी बोलावतायत. तुम्ही आत्ता कुठे आहात?"

तो म्हणाला, "गाडीच्या सीटवर."

"तिथूनच बोलावतेय ना मी तुला!" मावशी म्हणाली.

"पण हिला मी तिथेच हवाय."

"अहो, काय बोलताय!" लीशिआ म्हणाली. "मी तुम्हाला बरं करायला दहा आठवडे खेटे घालतेय."

"तू शर्ट आणत होतीस."

मावशीने तोंड उघडले, पण चुआंगबाईंनी तिचा हात दाबला. आश्चर्य म्हणजे मावशीने तो झटकला नाही. तेवढ्यात लीशिआच्या पिशवीतला फोन वाजला.

"दे इकडे," तिंगयुआन म्हणाला.

"पुढच्या आठवड्यात सांगू त्यांना. आज नको."

त्याने हात पुढे केलेलाच ठेवला. शेवटी तिने फोन त्याच्या हातात आपटला.

"मी वेंग बोलतोय," तो म्हणाला. "गाडीवर मी परत येणार नाही. माझ्या जागी दुसरा माणूस घ्या."