तक्रारीसाठीचा पत्ता

माझा दीर स्वतःला फार शहाणा समजतो. विग मी विणते, एकेक केस जाळीत ओवून. त्याने फक्त दुकानाची वेबसाइट काढली, आणि तेव्हापासून पाहुण्यांना ‘माझा बिझनेस’ म्हणून सांगत सुटलाय.

माझ्या खोलीचा एकच नियम. बाई मापाला आली की दाराला कडी, आणि आतली गोष्ट आतच. वेबसाइट आल्यावर बायका मापासाठी डोक्याचे फोटो पाठवायला लागल्या. ह्या पठ्ठ्याने त्यातले काही ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे जोडून साइटवर लावले. मी कडाकडा भांडले.

“वहिनी, खाली सगळं कायदेशीर लिहिलंय,” तो म्हणाला. “फोटो नको असेल तर ईमेल करा, लगेच काढू. आजवर एकीचाही ईमेल नाही. म्हणजे सगळ्या खूश आहेत.”

आज गणिताच्या बाई आल्या. आजारपणात त्यांचे केस गेले, ते परत आलेच नाहीत. शाळेत कुणालाच ठाऊक नाही. एरवी मागच्या दाराने येतात. आज दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी असताना सरळ पुढून आल्या.

“माझा फोटो काढा,” त्या दिराला म्हणाल्या. “वर्गातल्या मुलांना सापडायच्या आत काढा. ईमेल करून करून दमले मी.”

“आम्हाला तर एकही आला नाही, मॅडम.”

“खोटं बोलू नका. काल तुमच्याकडून फोन आला. म्हणे, फोटो बघितला, तुम्हाला यापेक्षा चांगला विग स्वस्तात देतो.”

दिराचा चेहरा खाडकन उतरला. मी त्याच्या हातातून मोबाइल हिसकावला आणि साइटच्या तळाशी गेले. सगळा मजकूर चौकातल्या मोठ्या विगवाल्याच्या साइटवरून उचललेला. वर नाव आमचं घातलं होतं, खाली ईमेलचा पत्ता त्याचाच राहिला होता. ‘हा माझा फोटो, कृपया काढा’ असं जिने जिने लिहिलं, तिने आपला फोटो आणि नंबर आमच्या वैऱ्याच्या हातात दिला होता.

“अक्कल गहाण टाकली होती का?” मी ओरडले.

“होते चूक, वहिनी. आणि त्यात लिहिलंच आहे, माहिती तिसऱ्याच्या हाती गेली तर आम्ही जबाबदार नाही.”

गणिताच्या बाईंनी विग काढला आणि काउंटरवर ठेवला.

“मग तिसऱ्याने, चौथ्याने, सगळ्यांनीच बघा,” म्हणाल्या, आणि तशाच बाहेर पडल्या.

दिराने विग उलटापालटा करून पाहिला. “वापरलेला माल आपण परत घेत नाही.”

माझं डोकंच सटकलं. त्याच्या डोक्यावरचा विगही मीच विणलाय. त्याच्या बायकोला आणि मला सोडून कुणाला माहीत नाही. त्याचा मापाचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये होता. तो उघडून फक्त त्यालाच दिसेल असा धरला.

“हा साइटवर कसा चढवायचा, भाऊजी? शिकवा ना मला.”

त्याचा एक हात कपाळावर गेला. दुसऱ्याने त्याने मुकाट्याने लॅपटॉप ओढला आणि घाम पुसत सगळ्या बायकांचे फोटो काढून टाकले. शेवटचा जाईपर्यंत मी तिथून हलले नाही.

मग विग पदराखाली घेऊन धावले. बाई पलीकडच्या बसथांब्यावर मान खाली घालून उभ्या होत्या. मध्ये गाड्यांची रांग.

“बाई, फोटो काढले!” मी रस्त्यावरूनच ओरडले. “सगळे काढले!”

थांब्यावरच्या ज्या लोकांनी तोवर त्यांच्याकडे बघितलं नव्हतं, त्यांनीही वळून बघितलं.